आकाशगंगेच्या प्रतलाबाहेर दुर्बीण पाठवायची असेल तर

आपली दीर्घिका, म्हणजे आकाशगंगा, हा चपट्या तबकडीसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह आहे; तिच्या मधल्या सपाटीत, म्हणजे प्रतलात, साठलेली धूळ दूरचे दृश्य अडवते, म्हणून दुर्बीण प्रतलाबाहेर न्यावी असे वाटू शकते. पण सर्वप्रथम नेमके काय पाहायचे आहे ते ठरवावे, कारण पुढचे सारे गणित त्यावर अवलंबून आहे. आपल्या दीर्घिकेतील बहुतांश धूळ प्रतलाच्या दोन्ही बाजूंना सुमारे 300 प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेली असून सूर्य प्रतलाच्या उत्तरेला साधारण 60 प्रकाशवर्षांवर, म्हणजे या धुळीतच, आहे. यान उत्तरेकडे सोडले तर तेवढे अंतर आयतेच वाचते. तरीही ‘व्हॉयेजर 1’ या अंतराळयानाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 17 किलोमीटरने, एक प्रकाशवर्ष कापायला सुमारे 17,600 वर्षे लागत असल्यामुळे उरलेल्या अंतरासाठी 42 लाख वर्षे हवीत.

एवढ्या खटाटोपानंतरही दीर्घिकेचे केंद्र स्पष्ट दिसेल असे नाही. केंद्र सुमारे 26,000 प्रकाशवर्षे दूर असल्याने 300 प्रकाशवर्षे उंचीवरून पाहताना दृष्टिरेषा प्रतलाशी एक अंशाचाही कोन करत नाही आणि ती जवळजवळ सारी वाट धुळीतूनच काढते. कोन 20 अंशांच्या आसपास न्यायचा तर 10,000 प्रकाशवर्षे उंची गाठावी लागेल. तिथवर वरील वेगाचे यान पोहोचणारच नाही, कारण तबकडीचे गुरुत्वाकर्षण त्याला वाटेतूनच मागे खेचते; त्यासाठी सेकंदाला 100 किलोमीटरच्या आसपास वेग हवा. शिवाय तिथून पाठवलेले छायाचित्र हाती यायला 10,000 वर्षे लागतील ती वेगळीच.

म्हणून जागेऐवजी दिशा आणि तरंगलांबी बदलावी, हे माझे स्पष्ट मत आहे. दूरच्या दीर्घिका पाहायच्या असतील तर दुर्बीण प्रतलापासून दूर वळवावी. उत्तर दीर्घिका-ध्रुव, म्हणजे प्रतलापासून उत्तरेला काटकोनात असलेली दिशा, अरुंधती केश तारकासमूहात आहे आणि त्या दिशेला धूळ अगदी विरळ आहे. हबल दुर्बिणीने 1995 मध्ये सप्तर्षीतील जो चिमुकला तुकडा दहा दिवस न्याहाळला, तोही प्रतलापासून दूरचाच होता.

केंद्राकडे पाहायचे असल्यास मात्र अवरक्त प्रकाश, म्हणजे तांबड्याहून लांब तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, निवडावा. केंद्राकडून येणाऱ्या दृश्य प्रकाशाचा जेमतेम एक लाख कोटीवा भाग आपल्यापर्यंत पोहोचतो, तर 2.2 मायक्रॉन या अवरक्त तरंगलांबीला साधारण पंधरा-वीस भागांपैकी एक भाग मिळतो. तेथे ताऱ्यांची दाटी प्रचंड असल्यामुळे आरसा शक्य तितका मोठा घ्यावा, नाहीतर शेजारचे तारे एकमेकांत मिसळून दिसतात. प्रतलामागे दडलेल्या दीर्घिकांसाठी हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटर रेडिओ लहरी वापराव्यात, कारण धूळ त्यांना अडवत नाही. ‘ड्विंगेलो 1’ ही दीर्घिका 1994 मध्ये अशीच सापडली.