बारावीनंतर काय घ्यावं? आधी जाहिरात वाचा

आपल्याकडे निकाल लागला की सगळे पोट्टे एकाच रांगेत, मित्रानं बीएस्सी घेतलं म्हणून मी पण बीएस्सी, तालुक्याच्या कॉलेजात सीट आहे, येणंजाणं एसटीच्या पासवर होते, झालं. मग तीन वर्षांनी भरती निघते अन् तिथं मागतात भलतंच. म्हणून उलटीकडून चाला. जी नोकरी करावीशी वाटते तिची मागच्या भरतीची जाहिरात मोबाईलवर उतरवा अन् पगार पाहायच्या आधी 'शैक्षणिक अर्हता' वाचा.

तलाठ्याले कोणतीही डिग्री चालते, एमपीएससी राज्यसेवेच्या बहुतेक पदांचंही तसंच, मग तेवढ्यासाठी बापाच्या डोक्यावर कर्ज करून इंजिनिअरिंग कायले? साधं बीए करा, वेळ अभ्यासाला द्या. पण झेडपीत ज्युनिअर इंजिनिअर व्हायचं तर सिव्हिलचा डिप्लोमा नाहीतर डिग्री लागते, कृषी सहायकाले ॲग्रीचं शिक्षण, स्टाफ नर्सले जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग, तिथं बीएवाल्याचा फॉर्मच भरल्या जात नाही. अन् वनरक्षकाले बारावी पुरते, फक्त बारावीत विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यातला एखादा विषय पाहिजे. आर्ट्सवाल्यांनो, हे अकरावीतच पाहा.

सायन्सवाल्यांचा घोळ ग्रुपमध्ये होते, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीसंग गणित घ्यावं का बायो. गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलं, बायो सोडलं की नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) गेली, म्हणजे एमबीबीएस, बीएएमएस, व्हेटर्नरी सगळंच. बीएस्सी ॲग्री अन् बी फार्मसीले सीईटीचे (राज्याच्या प्रवेश परीक्षेचे) दोन्ही ग्रुप, गणिताचा अन् बायोचा, चालतात. ॲग्री म्हटलं की सगळ्यांले अकोल्याचं पंजाबराव कृषी विद्यापीठ दिसते, पण त्याच विद्यापीठाची खाजगी कॉलेजं पण आहेत, तिथली फी आधी विचारून घ्या बाप्पा.

फ्लेक्सवरचे पॅकेजचे आकडे पाहून हुरळू नका. कॉलेजसमोरच्या टपरीवर चहा घ्या अन् मागच्या वर्षी पास झालेले सध्या काय करून राहिले ते शेवटच्या वर्षाच्या पोरांले विचारा, ऑफिसात नाही.

मुलींसाठी एक मोठी गोष्ट, घरी कोणी सांगत नाही. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) अन् ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी अन् परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे अन् ॲडमिशन कॅप राऊंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याले नाही. फीपायी पोरीले नर्सिंग-इंजिनिअरिंग नाकारत असाल तर आधी हे पाहा. अन् जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकून द्या, ॲडमिशनच्या टायमाले तिथं गर्दी मायंदळ असते.