कोंबड्या पिसं खातायत? आधी त्यांचं खाणं बघा
इंदूरला परसात कोंबड्या पाळणारे बरेच जण नुसता मका टाकतात आणि मग त्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागल्या की घाबरतात. अहो पीस म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच, मक्यात ते जेमतेम ८-९ टक्के, मग ती बिचारी मिळेल तिथून घेणारच ना. १६-१८ टक्के प्रोटीनवालं लेअर फीड (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) सुरू करा, पिसं झडायच्या दिवसांत सोबत थोडी तिळाची पेंड किंवा उकडलेलं अंडं द्या, सोयाबीन आपल्या माळव्यात भरपूर पण कच्चं अजिबात नको, नीट भाजूनच. रात्री टॉर्च मारून बसायच्या दांड्याच्या फटी बघा, कोंबड्यांना चावून बेजार करणारे बारीक लाल किडे तिथेच लपतात. जिला रक्त आलंय तिला लगेच वेगळी ठेवा, नाहीतर बाकीच्या तिथेच टोचत राहतात. जागा वाढवा, टोचायला दुसरं काहीतरी मिळावं म्हणून पालकाची जुडी उंच टांगा. चोच मात्र कापू नका प्लीज, फार दुखतं त्यांना.