अंगणवाडीच्या ताईला साथ कशी द्यावी : खान्देशातील गावांसाठी मार्गदर्शन

गावच्या अंगणवाडीसाठी काहीतरी करावे असे ज्यांच्या मनात येते, ते बहुधा खेळणी, खुर्च्या किंवा भिंतीवरची चित्रे यांपासून सुरुवात करतात. अशी देणगी जरूर द्यावी. परंतु जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील सेविकांची मोठी अडचण वेळेची आहे. एक सेविका आणि एक मदतनीस मिळून पूरक आहार, शालेयपूर्व शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणे) अशा सहा सेवा सांभाळतात. त्यात वजन-उंचीच्या नोंदी, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अॅपवर भरायची माहिती, गृहभेटी आणि अधूनमधून येणारी सर्वेक्षणे यांची भर पडते. एवढे सगळे करून मुलांसोबत सतरंजीवर निवांत बसायला तिला किती वेळ उरतो, हे आधी पाहावे. सरपंच, पालक, बचत गटातील महिला, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक किंवा पर्यवेक्षिका यांपैकी कोणीही मदतीला पुढे येत असेल, तर आपल्या मदतीने ताईचा मुलांसोबतचा वेळ वाढणार आहे की घटणार आहे, एवढी एकच कसोटी त्यांनी लावावी.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. त्याच्या तीस वर्षे आधी, १९४५ मध्ये, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले होते, आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये काम करताना, मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, असा मार्ग त्यांनी धरला होता. महागड्या साधनांच्या जागी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू वापरण्याचा त्यांचा आग्रह सातपुड्याच्या पाड्यांना आजही तितकाच लागू पडतो.

आधी ताईचा भार हलका करावा

स्वयंसेवकांनी मुलांचा ताबा घेऊन ताईला रजिस्टरकडे मोकळे करू नये. याच्या उलट करावे. पाणी भरणे, परिसर झाडणे, गल्लीतून मुलांना बोलावून आणणे, वजनाच्या दिवशी काटा लावणे आणि मुलांना रांगेत उभे करणे, घरपोच आहाराची पाकिटे मोजून ठेवणे ही कामे गावाने वाटून घ्यावीत, म्हणजे मुलांना ज्या माणसाची सवय झाली आहे तोच माणूस त्यांच्यासोबत राहील. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते, हे अनेक ग्रामसभांमध्ये कोणी विचारतही नाही. ते विचारावे, आणि त्या पैशातून सर्वांत आधी पाणी, शौचालय, कुंपण आणि सावली यांची सोय करावी. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत बसलेल्या मुलांना शिकवण्यापेक्षा निंबाच्या सावलीत सकाळी लवकर घेतलेला एक तास कितीतरी मोलाचा असतो.

पर्यवेक्षिकांसाठी एक विनंती आहे. भेटीला गेल्यावर प्रथम रजिस्टर मागू नये. दहा मिनिटे मुलांमध्ये बसावे, आणि नंतर ताईला विचारावे की या महिन्यात कोणते मूल बोलू लागले, कोणते अजून बुजते आणि तिला स्वतःला काय जड जात आहे. बीट बैठकीत, म्हणजे आपल्याकडील सर्व अंगणवाड्यांच्या सेविका एकत्र येतात तेव्हा, अर्धा तास फक्त यासाठी राखून ठेवावा की प्रत्येक सेविकेने आपल्याकडे रंगलेला एक खेळ इतरांना प्रत्यक्ष खेळून दाखवावा. वर्षानुवर्षे एकटीने खोली सांभाळणाऱ्या बाईला आपल्या कामाबद्दल आपल्यासारख्याच बाईशी बोलता येणे, हा तिच्यासाठी फार मोठा आधार असतो.

मुलाशी नाते त्याच्या घरच्या बोलीत जोडावे

खान्देशातल्या अंगणवाडीत येणारे मूल घरी अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, पावरी, भिली किंवा मावची बोलत असते. प्रमाण मराठी त्याच्या कानावर फारशी पडलेली नसते, आणि अशा मुलाला पहिल्याच दिवशी 'तुझे नाव काय? नीट सांग' असे म्हटले की ते गप्प होते. मग ते मंद आहे असा समज विनाकारण पसरतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही लहान वयात घरच्या भाषेचाच आग्रह धरलेला आहे.

जून महिन्यातील पहिल्या आठवड्याचे एक उदाहरण घेऊ. तीन वर्षांचा मुलगा आईचा पदर धरून दाराच्या चौकटीला चिकटून उभा आहे. त्याला ओढून आत घेऊ नये आणि आईला लपूनछपून निघून जायला सांगू नये, कारण त्यानंतर आई नजरेआड झाली की तो दरवेळी घाबरेल. आईला आत, भिंतीला टेकून बसवावे. ताईने त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच्याकडे रोखून न पाहता, जमिनीवर बसावे आणि समोर दोन-तीन करवंट्या ठेवून एकीतले पाणी दुसरीत ओतत राहावे. 'आठे ये, बठ' (इकडे ये, बस) एवढेच अहिराणीत हळू म्हणावे. तो जवळ सरकला आणि त्याने करवंटी जमिनीवर आपटली, तर ताईनेही तसाच आवाज करावा आणि थांबावे. तो पुन्हा आपटेल, यावेळी तिच्याकडे बघून. मुलाने काही करावे, मोठ्याने त्याला उत्तर द्यावे आणि पुढची पाळी मुलाला द्यावी, ही देवाणघेवाण दिवसभरात जितक्या वेळा होईल तितका मुलाचा विश्वास आणि त्याची भाषा दोन्ही वाढतात. नाव विचारण्याऐवजी 'तुनी बकरी काय खास?' (तुझी बकरी काय खाते?) असे विचारले की मूल बोलते, कारण बकरीबद्दल त्याला ताईपेक्षा जास्त माहीत असते. आईने पहिल्या दिवशी पूर्ण वेळ, मग अर्धा वेळ, मग थोडा वेळ बसावे आणि जाताना प्रत्येक वेळी सांगून जावे.

धडगाव, अक्कलकुवा या बाजूला सेविकेची बोली आणि पाड्याची बोली वेगळी असण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी पाड्यातल्या एखाद्या आजीकडून तहान, भूक, शी-शू, दुखते, आई, ये, भीती अशा गरजेच्या शब्दांची यादी विचारून घ्यावी, देवनागरीत लिहून भिंतीवर लावावी आणि मदतनीस त्याच बोलीतली असेल तर गाणी-गोष्टींचा वेळ मोकळेपणाने तिच्याकडे सोपवावा.

खेळ गावातलाच असावा

केंद्र सरकारच्या 'आधारशिला' या तीन ते सहा वयोगटाच्या अभ्यासक्रमात खेळातून शिकण्यावरच भर आहे, त्यामुळे खेळ घेणारी ताई अभ्यास टाळते आहे असे कोणी समजू नये. आठवडे बाजाराचा खेळ घ्या. चार करवंट्या आणि सुतळीची तराजू, चिंधीची वांगी, मातीचे कांदे, आणि नोटा म्हणून पिंपळाची पाने एवढ्या सामानावर हा खेळ पुष्कळ वेळ चालतो. एक मुलगी वांग्यांचे वाटे लावते, प्रत्येक वाट्यात सारखीच वांगी येतात की नाही ते पाहते, दुसरी भाव पाडून मागते, तिसरा गाडीवर बसून 'जळगाववरून आलो' म्हणतो. यात मोजणे आहे, तुलना आहे, वाक्य रचणे आहे आणि दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबणेही आहे. ताईने या खेळात गिऱ्हाईक व्हावे, मास्तर होऊ नये. 'हे किती आहेत? मोजून दाखव' असे मध्येच विचारले की बाजार तिथेच उठतो. त्यापेक्षा 'मला भरीत करायचे आहे, घरी सहा माणसे आहेत, किती वांगी देतेस?' असे विचारावे.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणारी भुलाबाईची गाणी आणि त्यानंतरचे खाऊ ओळखणे हे तर लहान मुलांसाठी घडवलेले शिक्षणच आहे. डबा हलवून आवाज ऐकायचा आणि गोड आहे का, तिखट आहे का, गोल आहे का असे विचारत उत्तरापर्यंत जायचे, यात प्रश्न विचारण्याची सवय लागते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) झाडांना झोके बांधले जातात. तेव्हा अंगणवाडीच्या झाडालाही एक बुटका झोका बांधावा, दोर आणि फांदी ताण देऊन तपासावी, आणि खाली माती भुसभुशीत करून ठेवावी.

पालकांकडून हमखास येणारी तक्रार अशी की गावातल्या इंग्रजी शाळेत लिहायला शिकवतात आणि आपली मुले नुसती खेळतात. या तक्रारीला उत्तर म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबू नये. एके दिवशी आयांना बोलावून, ज्वारीच्या पिठाचा गोळा मुलांना मळायला, थापायला आणि त्याचे बारीक मणी वळायला द्यावा. लिहिण्यासाठी जी बोटे लागतात ती याच कामातून तयार होतात, हे स्वतः भाकरी थापणाऱ्या बाईला फार समजवावे लागत नाही.

साहित्य जमवताना मात्र कडक राहावे. कीटकनाशकाची किंवा तणनाशकाची रिकामी बाटली, डबा, पिशवी कितीही धुतली तरी खेळात आणू नये; कापसाच्या पट्ट्यात हा धोका घराघरांत आहे. गुंजा, एरंडाच्या बिया आणि चंद्रज्योतीच्या बिया विषारी असतात, त्यामुळे त्या मोजण्यासाठी वापरू नयेत आणि कुंपणाला चंद्रज्योत असेल तर ती काढावी. चिंचोके, गोट्या, सरकी, शेंगदाणे अशा घशात किंवा नाकात जाणाऱ्या वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि मोठ्या मुलांनाही समोर बसूनच द्याव्यात. जवळ उघडी विहीर किंवा शेततळे असेल, तर त्याचे कुंपण हे गावाचे पहिले काम समजावे.

कुटुंबाला दोष न देता सोबत घ्यावे

कापूस वेचणीच्या दिवसांत बाई भल्या पहाटे भाकरी टाकून शेतात जाते आणि दिवेलागणीला परतते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतल्या मजूर बायांचेही तेच. अशा आईला दुपारी दोन वाजता माता बैठकीला बोलवायचे आणि ती आली नाही म्हणून तिला मुलाची काळजी नाही असे म्हणायचे, हा अन्याय आहे. बैठक संध्याकाळी ओट्यावर घ्यावी, वेचणी जोरात असेल तेव्हा पुढे ढकलावी, आणि आजी किंवा धाकट्याला सांभाळणारी मोठी बहीण यांनाही तितकेच महत्त्व द्यावे, कारण दिवसभर मूल त्यांच्याकडेच असते. गृहभेटीत उपदेशाने सुरुवात करू नये. 'तुमच्या मुलीने आज बाजारात मला वांगी विकली' असे काहीतरी खरे आणि चांगले आधी सांगावे, मग घरी ती काय काय करते ते ऐकावे. आईला वेगळा वेळ काढायला सांगू नये. न्हाऊ घालताना अंगाची नावे घेणे, भाकरी थापताना छोटा गोळा हातात देणे, रात्री अंथरुणावर दिवसातली एक गोष्ट विचारणे एवढे पुरते. वडिलांनाही असेच एखादे काम द्यावे, जसे बैलांना पाणी दाखवताना मुलाला सोबत नेणे आणि त्याच्याशी बोलत राहणे.

मोबाइलचा विषय निघतोच. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. हे सांगताना, घरात दुसरे कोणी नसताना आई फोन का देते हेही समजून घ्यावे, आणि त्या घटकेसाठी मुलाला गुंतवणारे काम तिच्यासोबत बसून शोधावे.

ऊसतोडीला किंवा गुजरातकडे मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत निघण्याआधीची भेट फार महत्त्वाची असते. लसीकरणाचे कार्ड सोबत दिले आहे का, पोषण ट्रॅकरवरील नोंद तिकडच्या अंगणवाडीत हलवता येते हे आईला माहीत आहे का, हे पाहावे. मुलाच्या आवडीचे एखादे चित्र किंवा चिंधीची बाहुलीही बोचक्यात द्यावी. होळीला किंवा पावसाच्या तोंडावर ते मूल परतले की त्याला नव्या मुलासारखेच हळूहळू रुळू द्यावे.

एखादे मूल हाकेला वळून पाहत नसेल, वयाप्रमाणे चालत-बोलत नसेल किंवा शिकलेले शब्द विसरत असेल, तर 'होईल मोठे झाल्यावर' म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, तेव्हा ताईने आपली निरीक्षणे तारखेसह लिहून त्यांना दाखवावीत; पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले, तर पहिल्या खेपेला घरच्यांसोबत गावातले कोणीतरी जाणते माणूस जावे, कारण जिल्ह्याच्या दवाखान्यात कोणत्या खिडकीवर जायचे याच धास्तीने अनेक आया परत फिरतात.

सहा वर्षे पूर्ण होत आलेल्या मुलांना एप्रिलमध्येच दोन-तीन वेळा पहिलीच्या वर्गात नेऊन बसवावे, आणि पहिलीच्या शिक्षकांनीही एक सकाळ अंगणवाडीत येऊन त्यांचा खेळ पाहावा. त्यावेळी ताईने शिक्षकांना प्रत्येक मुलाविषयी चार ओळी लिहून द्याव्यात: घरी कोणती बोली बोलतात, कशाने ते रडते, कशाने शांत होते, आणि कोणत्या खेळात ते सर्वांत जास्त वेळ रमते.