४५० मीटरची सूर्यमाला: आकार आणि अंतर एकाच प्रमाणात

सूर्यमालेच्या बहुतेक प्रतिकृतींत ग्रहांचे आकार एका प्रमाणात आणि अंतरं भलत्याच प्रमाणात असतात. मग चार ग्रह इवलेसे आणि चार महाकाय का, हे त्यातून कळतच नाही. दोन्हींसाठी एकच प्रमाण घ्या: १ मिलिमीटर म्हणजे १० हजार किलोमीटर, अर्थात १ मीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर. साडेचारशे मीटरचा सरळ, रहदारी नसलेला रस्ता लागेल.

सूर्यासाठी १४ सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची चकती कापा. बुध आणि मंगळ कागदावर ठिपक्यांनी दाखवा. मेकॅनिकल पेन्सिलीचं ०.५ मिमीचं शिसं बुधाला आणि ०.७ मिमीचं मंगळाला नेमकं बसतं. शुक्र (१.२ मिमी) आणि पृथ्वी (१.३ मिमी) मातीचे करून टाचणीच्या टोकावर लावा. गुरू १४, शनी १२, युरेनस आणि नेपच्यून प्रत्येकी ५ मिमी. गोळी हमखास मोठी होते, म्हणून ती आलेख कागदावर ठेवून मोजा. शनीचं कडं कागदाचं करा: बाहेरचा व्यास २७ मिमी, आतला १५. जाडी मात्र जमणार नाही. ०.१ मिमी जाडीचा कागदही इथे १००० किमी होतो. खरी कडी बहुतेक ठिकाणी जेमतेम दहा-वीस मीटर जाड आहेत.

आता अंतरं, सूर्यापासून मीटरमध्ये: बुध ६, शुक्र ११, पृथ्वी १५, मंगळ २३, गुरू ७८, शनी १४३, युरेनस २८७, नेपच्यून ४५०. प्रत्येक अंतर सूर्यापासूनच मोजा. आधीच्या ग्रहापासून मोजत गेलात तर चुका साचत जातात. पावलांनी मोजणार असाल तर आधी २० मीटरला किती पावलं पडतात ते पाहा.

यानंतर ४० मीटरवर खडूने आडवी रेघ ओढा. ही हिमरेषा, आणि माझ्या मते अख्ख्या प्रतिकृतीत सर्वांत महत्त्वाची. ४५० कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी सूर्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत होती. रेषेच्या आत इतकी उष्णता होती की पाण्याचं बर्फ टिकेना. घन स्वरूपात उरले ते फक्त धातू आणि खडक, आणि ते थोडेच होते. म्हणून आतले ग्रह लहान पण घट्ट: पृथ्वीची घनता ५.५ ग्रॅम प्रति घनसेंमी. रेषेपलीकडे बर्फाचीही भर पडली. गुरूचा गाभा पृथ्वीच्या सुमारे दहापट जड झाला आणि तबकडीतला हायड्रोजन, हेलियम ओढत गुरू ३१८ पृथ्वींइतका जड झाला. शनीची घनता ०.६९, पाण्याहूनही कमी. युरेनस-नेपच्यूनच्या पट्ट्यात माल विरळ, वाढ संथ. ते पुरेसे मोठे होईपर्यंत वायू बराचसा ओसरला होता, म्हणून त्यांच्यात वायूपेक्षा पाणी, मिथेन, अमोनियासारखे पदार्थ जास्त.

रेघ अंदाजेच समजा. तबकडी निवत गेली तशी हिमरेषा आत सरकली, आणि महाग्रहांच्या कक्षाही पुढे बदलल्या.

ग्रह एका रांगेत मांडले तरी आकाशात ते तसे नसतात, हे पाहणाऱ्यांना सांगा. कक्षाही लंबवर्तुळाकार आहेत: बुध ४.६ ते ७ मीटर, मंगळ २०.७ ते २४.९ मीटर. या दोघांसाठी एका खुणेऐवजी दोन टोकं आखा.