मॉडेल गाडीची नंबरप्लेट आणि डिकॅल: या चुका टाळा

पहिली मारुती ८०० दिल्लीच्या हरपाल सिंग यांना १४ डिसेंबर १९८३ रोजी मिळाली. नंबर होता डीआयए ६४७९, काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. तरीही त्याच पिढीच्या मारुतीच्या मॉडेलवर पांढरी पाटी, निळं ‘आयएनडी’ आणि कोपऱ्यात होलोग्राम लावलेला मी पुन्हा पुन्हा बघतो. होलोग्रामची पाटी नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती १ एप्रिल २०१९ पासून. रंगावर आणि चाकांवर महिनोन्‌महिने घालवायचे आणि पाटी मात्र नेटवर पहिली दिसेल ती उचलायची, हे मला बघवत नाही. गाडी कुठल्या काळातली, हे पाटीवरूनच तर कळतं.

‘एमएच’चंही तेच. एमएच-०१, एमएच-१२ ही पद्धत नव्या मोटार वाहन कायद्याच्या वेळची, आणि तो कायदा लागू झाला १ जुलै १९८९ला. त्याआधी नोंदलेली फियाट किंवा अँबेसेडर करायची असेल तर तीन अक्षरं आणि पुढे आकडे हवेत. मी कुठलीही जुनी गाडी करायला घेतली की आधी त्या गाडीचा त्या काळातला फोटो शोधतो. घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये गाडी हमखास सापडते, फक्त पाटी हारांखाली गेलेली नसावी.

माप अंदाजाने घेऊ नका. आजची गाडीची लांब पाटी ५०० बाय १२० मिमी असते. १:१८ला, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याच्या मॉडेलला, ती २७.८ बाय ६.७ होते, १:२४ला २०.८ बाय ५ आणि १:४३ला ११.६ बाय २.८. प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्के ठेवा. आधी साध्या कागदावर छापा, कापा, बंपरवर धरून बघा. पुलबॅक खेळण्यावर (मागे ओढून सोडली की पळणारी गाडी) काम करत असाल तर डब्यावरच्या स्केलवर विसंबू नका. खऱ्या गाडीची लांबी भागिले खेळण्याची लांबी, एवढं गणित स्वतः करा.

अक्षरांची रेघ खऱ्या पाटीवर १० मिमी जाड असते. १:६४ला ती ०.१६ मिमी उरते, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम दोन ठिपके. मग ३ आणि ८ सारखेच दिसतात. ६०० डीपीआयच्या खाली जाऊच नका.

घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, हे दर वेळी कुणाला तरी सांगावं लागतं. डिकॅल म्हणजे खास कागदावर छापून, पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची पातळ फिल्म. पारदर्शक डिकॅल पेपरवर पांढरी अक्षरं छापली तर तिथे काहीच उमटत नाही, आणि पिवळी अक्षरं काळ्या बॉडीवर लावली की गायब होतात. काळ्या पाटीसाठी पांढरा डिकॅल पेपर घ्या, काळी पार्श्वभूमी छापा आणि अक्षरं कोरी सोडा. ट्रकच्या पिवळ्या फळीवर काळं ‘हॉर्न ओके प्लीज’ हवं असेल तर पारदर्शक पेपर उत्तम.

आता घाईबद्दल. ठाण्याचा एक मुलगा वडिलांच्या पहिल्या मारुतीचं १:२४ मॉडेल करत होता. फोटोवरून नंबर अचूक उतरवलेला, अक्षरांची ठेवणसुद्धा मूळ पाटी रंगवणाऱ्या पेंटरची. दुसऱ्या दिवशी वडिलांची साठी. इंकजेटवर शेवटचा डिकॅल पेपर छापला, त्यावर क्लिअर स्प्रेचा (शाई झाकणारा पारदर्शक थर) एकच जाड हात मारला आणि अर्ध्या तासात पाटी पाण्यात टाकली. वाटीतलं पाणी जांभळं झालं, काळी पाटी तपकिरी, आणि नंबर पसरून वाचता येईना. रात्री दहाला त्याचा मला फोन. त्याला म्हटलं, डिकॅल विसर, फोटो पेपरवर छाप, मागून सँडपेपरने घासून पातळ कर आणि कडेला काळं मार्कर फिरव. पाटी सपाट असते, तिला डिकॅलच हवा असं नाही. सकाळी गाडी तयार होती.

पण गोल बॉनेटवर हा उपाय चालत नाही, तिथे डिकॅलच लागतो. इंकजेटची शाई आधी नीट वाळू द्या. मग क्लिअर स्प्रेचे लांबून तीन-चार पातळ हात, प्रत्येक हातामध्ये वाळायला वेळ, आणि शेवटच्या हातानंतर मी पूर्ण रात्र जाऊ देतो. ‘हेअर ड्रायर लावला तर चालेल का?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठाम ‘नाही’ असंच आहे. रात्रभर थांबवत नसेल तर लेझर प्रिंट काढून आणा, टोनर पाण्यात पसरत नाही.

डिकॅलखाली चंदेरी झाक दिसते, कारण खडबडीत मॅट रंगात हवा अडकते. आधी ग्लॉस (चकचकीत क्लिअर) मारा, मग डिकॅल, शेवटी हवा तर मॅट.

बोथट ब्लेडने कापू नका.

पाटीला जाड प्लॅस्टिक शीटचा आधार देऊ नका, ती बंपरवर फरशीसारखी दिसते. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा वापरा. तो कात्रीने कापता येतो, आणि खालचा कोपरा किंचित वाकवला की रोजच्या ट्रॅफिकमधली गाडी वाटते.