टेक्सासमध्ये कामाचा घोडा आणि शिकारीचा कुत्रा घेताना

रँचवर गुरं वळायला घोडा घ्यायचा असेल, तर विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: मी येईपर्यंत घोडा कुरणातच राहू द्या, खोगीर चढवू नका. पाठीवरचे केस घामाने चिकटलेले दिसले, तर तुम्ही पोहोचण्याआधी त्याला दामटलंय असं समजा. दमलेला घोडा गरीबच वाटतो. धरायला गेल्यावर तो लांब पळतो का, तंग आवळताना कान मागे टाकतो का, चारही खूर मुकाट्याने उचलू देतो का, हे नीट बघा. मग आधी मालकाला बसू द्या, नंतर स्वतः बसा आणि घोडा थेट गुरांत घाला. नुसतं रिंगणात फिरवून कामाचा घोडा कळत नाही.

तपासणीला जनावरांचा डॉक्टर तुमचाच हवा. लंगडणं लपवायला वेदनाशामक दिलेलं असू शकतं, म्हणून रक्ताचा नमुनाही घ्यायला लावा. चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीची 'कॉगिन्स' ही रक्तचाचणी टेक्सासमध्ये मालक बदलताना लागते, आणि ती मागच्या १२ महिन्यांतली हवी. कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

कुत्र्याचंही तसंच. रानडुकरांच्या शिकारीचा कुत्रा, मग तो कॅटाहूला जातीचा असो की ब्लॅक माउथ कर जातीचा, अंगणात बघून कधीच घेऊ नका. रानात सोडायला लावा. हार्टवर्मची, म्हणजे हृदयात होणाऱ्या जंतांची, चाचणी मागा. डुकराचा माग सोडून हरणामागे धावणारा कुत्रा कितीही देखणा असला तरी नको म्हणा.