चार सूत म्हणजे नेमकं किती?

आयटीआयला टर्नर ट्रेडची, म्हणजे लेथ मशीन चालवायला शिकायची, दोन वर्षं मिलिमीटरमध्येच गेली. मग कोल्हापुरात शिरोलीच्या एका वर्कशॉपला लागलो. पहिल्याच आठवड्यात मिस्त्री म्हणाले, "या फ्लँजला चार सुताचा बोल्ट जाईल अशी आठ भोकं मार." सकाळीच 'चार सुती' प्लेट कापली होती, तिची जाडी मी स्वतः 12 मोजली होती. म्हणून बोल्टही 12 चा धरला, अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवून 12.5 चं ड्रिल लावलं. आठही भोकं झाली, बोल्ट एकातही शिरेना. मिस्त्री रागावले नाहीत. बोल्टला व्हर्नियर लावून माझ्यासमोर धरला. रीडिंग 12.66. "बोल्टचं सूत खरं असतं रे, प्लेटचं नावापुरतं."

सूत म्हणजे 1/8 इंच, 3.175 मिलिमीटर. चार सूत म्हणजे 12.7. पण बाजारात 6 च्या प्लेटला दोन सुती म्हणतात, 10 च्या प्लेटला तीन सुती. अर्धा इंची जीआय पाइप तर बाहेरून 21.3 भरतो, 12.7 त्यात कुठेच सापडत नाही. त्यामुळे कुणी सुतात किंवा इंचात काही सांगितलं की आधी विचारा, हे नाव आहे की माप? विचारायला अजिबात लाजू नका. माझी भोकं लहान होती म्हणून 13.5 चं ड्रिल फिरवून जॉब वाचला.

नट-बोल्टचा घोळ मात्र जिवावर बेतू शकतो. एम12 चा, म्हणजे 12 मिलिमीटरचा बोल्ट अर्धा इंची व्हिटवर्थ (इंची मापाच्या जुन्या ब्रिटिश आट्यांच्या) नटात ढिला का होईना, चढतो. बोल्टचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, 1.75 मिलिमीटर, नटाचे इंचाला 12 आटे, म्हणजे साधारण 2.12. घट्ट करताना सगळा भार एक-दोन आट्यांवर येतो आणि आटे सोलून निघतात. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा, खिशात पिच गेज ठेवा.

जुन्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू, सहसा इंची असतो. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायला 127 दात्यांचा गिअर लागतो, कारण 5 इंच म्हणजे बरोबर 127 मिलिमीटर. लीडस्क्रूला इंचाला 4 आटे असतील आणि 1.5 पिच हवा असेल, तर चालवणारा गिअर 30 दात्यांचा, चालणारा 127 चा. एकदा कट सुरू केला की आटे पूर्ण होईपर्यंत हाफनट (टूलला लीडस्क्रूशी जोडणारा नट) उघडू नका, मशीन उलटं फिरवूनच टूल मागे आणा. मी पहिल्यांदा सवयीने उघडला होता. दुसऱ्या कटला टूल आधीच्या दोन आट्यांच्या मधोमध उतरलं.